‘मला येते’ : शाळकरी वयातील आत्मप्रत्यय

सुरतेहून भुसावळकडे जाणारा ताप्ती खोऱ्याचा लोहमार्ग आणि मुंबईहून आग्र्याकडे जाणारा हमरस्ता हे दोन्ही ज्या मुलखात एकमेकांस भेटतात, त्या मुलखात नरडाणा हे गाव आहे. धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील हा भाग. कापसाचा, ज्वारी-बाजरीचा आणि पावसाकडे डोळे लावून बसणारा. आता गावाजवळ औद्योगिक वसाहतही उभी आहे. घराघरांतील बोली मात्र अहिराणीच. सहाव्या वर्षी शाळेच्या पायरीवर पाऊल ठेवणारे येथील मूल रिकाम्या हाताने येत नाही. त्यास वासराचे दावे सोडता येते, धाकट्या भावंडास खेळवता येते, कणसांवर उतरलेली पाखरे हाकलता येतात, दुकानातून मीठमिरची आणून उरलेले पैसे बिनचूक परत करता येतात. कोणी विचारले, तर “माले येस” असे ते ठसक्यात सांगते.

पुढे शाळेत काही महिने गेल्यावर या दोन शब्दांचे काय होते, हा शिक्षणाच्या इतिहासातील एक मोठा प्रश्न आहे. कोणी मूल “मला येते” असे प्रमाण मराठीत म्हणावयास शिकते. कोणी मूल मात्र प्रमाण मराठीतील जे पहिले वाक्य स्पष्टपणे उच्चारते, ते “मला येत नाही” हे असते. ही दोन मुले बुद्धीने फार वेगळी असतात असे नव्हे. एकाच बाकावर बसून, एकाच पुस्तकातून ती शिकतात; परंतु एकास आपल्या अंगच्या शक्तीचा प्रत्यय येतो आणि दुसऱ्यास आपल्या उणेपणाचा. पुढील आयुष्यात कोठे पुढे व्हावयाचे आणि कोठे मागे सरावयाचे, हे पुष्कळ अंशी या वयात ठरून जाते.

मानसशास्त्राने या वयाचा स्वतंत्र विचार बराच उशिरा केला. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने १९५० साली प्रसिद्ध केलेल्या ‘चाइल्डहूड अँड सोसायटी’ या ग्रंथात मानवी जीवनाच्या आठ अवस्था मांडल्या. त्यांपैकी चौथी अवस्था साधारणपणे सहाव्या वर्षापासून पौगंडावस्थेपर्यंतची. या अवस्थेत मुलाच्या मनात उद्यमशीलता आणि न्यूनभाव यांचा झगडा चालतो, असे एरिक्सन यांचे प्रतिपादन. तोवर मुलाचे कौतुक ते केवळ घरातले म्हणून होत असते. आता त्यास काही करून दाखवावयाचे असते. हत्यार हाती धरावे, हिशेब जुळवावा, आरंभिलेली वस्तू पुरी करावी, ही ओढ त्यास लागते. जगातील कोणत्याही समाजात या वयाच्या मुलांस काही ना काही पद्धतशीर शिक्षण मिळतेच, मग तेथे शाळा असो वा नसो, हेही एरिक्सन यांनी आवर्जून नोंदविले आहे. १९५९ साली रॉबर्ट व्हाइट यांनी याच विचारास दुसऱ्या बाजूने बळकटी आणली. भूक-तहान भागल्यावरही मूल स्वस्थ बसत नाही. आपल्या हाताने भोवतालच्या जगात काही फरक पडतो की नाही, हे ते सारखे तपासून पाहते, असे त्यांनी दाखविले.

हा प्रत्यय मोठ्यांच्या वागण्यातून कसा मिळतो, याचे एक सुंदर उदाहरण मानववंशशास्त्रज्ञ रूथ बेनेडिक्ट यांनी १९३८ साली नोंदविले आहे. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना प्रांतात पापागो नावाच्या मूळ रहिवाशांच्या एका घरी वडीलधारी मंडळी बसली होती. घरधन्याने आपल्या तीन वर्षांच्या नातीस दार लावावयास सांगितले. दार जड होते. मुलीने ढकलले, ते हलेना. आजोबांनी पुन्हा शांतपणे तेच सांगितले. मदतीस कोणी धावले नाही, कोणी हसले नाही, आणि कोणी घाईही केली नाही. अखेरीस दार लागले, तेव्हा एखाद्या प्रौढ माणसाचे मानावेत तसे गंभीरपणे आजोबांनी त्या मुलीचे आभार मानले. या लहानशा प्रसंगात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. काम खरे होते. दार लागणे घरास हवे होते. ते मुलीच्या शक्तीच्या शेवटच्या टोकास होते, पण शक्तीबाहेर नव्हते. आणि तिला ते जमेल याविषयी मोठ्यांच्या मनात शंका नव्हती. खानदेशातील आणि एकंदर महाराष्ट्रातील शाळांच्या इतिहासाकडे या तीन कसोट्यांनी पाहिले, तर पुष्कळ गोष्टी नव्याने दिसू लागतात.

इंग्रजी अंमल येण्यापूर्वी व त्यानंतरही बराच काळ गावोगाव पंतोजींच्या शाळा चालत. देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या वाड्याच्या ओसरीवर मुले जमत. धुळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवावयाची, तिसापर्यंतचे पाढे, पावकी, निमकी, पाउणकी, दिडकी तोंडपाठ करावयाची, पुढे मोडी वळण घोटावयाचे, असा क्रम असे. पंतोजीस वेतन पुष्कळदा धान्याच्या रूपाने मिळे. ही शाळा आज कोणास आदर्श वाटणार नाही. छडी, अंगठे धरून उभे करणे, त्याहूनही कठोर शिक्षा, हा तेथील नित्याचा व्यवहार होता, आणि अर्थ न समजता घोकणे हीच विद्या मानली जाई.

तरीही त्या शाळेत दोन गुण होते. पहिला असा की, तेथे शिकलेली विद्या दुसऱ्या दिवशी घरी उपयोगी पडे. वाण्याच्या मुलास दिडकी आली, म्हणजे दुकानावर तोलून दिलेल्या मालाची किंमत तो वडिलांच्या आधी सांगे. कुळकर्ण्याच्या मुलाचे मोडी अक्षर वळणावर आले, म्हणजे दप्तरातील कागद त्याच्या हाती येई. आपणास आले की नाही, हे त्यास पंतोजीने सांगावे लागत नसे. दुसरा गुण असा की, थोरला मुलगा धाकट्यास शिकवी. आपल्याहून दोन यत्ता पुढे असलेला शेजारचा मुलगा समोर बसून अक्षर काढतो आहे, हे पाहणाऱ्या लहानग्यास “यास आले, तर मलाही येईल” असे वाटणे साहजिक होते. आणि शिकविणाऱ्या मुलास आपली विद्या दुसऱ्याच्या हाती उतरताना दिसे. ही रीत दूर देशी जाऊन पोहोचली. मद्रासच्या अनाथ मुलांच्या संस्थेचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनी तेथील देशी शाळेत मुले वाळूत अक्षरे गिरविताना पाहिली, थोरल्या मुलांकडून धाकट्यांस शिकविण्याचा प्रयोग केला आणि १७९७ साली लंडनला त्याचा वृत्तान्त छापला. पुढे जोसेफ लँकेस्टर यांच्याही हातून ही पद्धत इंग्लंडात सर्वत्र पसरली. १९७७ साली अल्बर्ट बांदुरा यांनी आत्मप्रत्ययाचे चार स्रोत सांगितले. त्यांत स्वतः काम पुरे केल्याचा अनुभव पहिला, आणि आपल्यासारख्याच दुसऱ्यास ते करताना पाहणे हा दुसरा. तोंडी प्रोत्साहन आणि शरीर-मनाची त्या वेळची स्थिती हे त्यानंतरचे. पंतोजीच्या ओसरीवर, मार खात का होईना, पहिल्या दोन स्रोतांस वाट होती.

परंतु ही वाट सर्वांस खुली नव्हती, आणि हा त्या व्यवस्थेचा सर्वांत मोठा दोष. मुली व अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले ओसरीच्या बाहेरच राहिली. ‘तुम्हांस येणार नाही’ हे त्यांच्या बाबतीत जन्मतःच ठरविलेले होते. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा उघडली आणि पुढे वंचित जातींच्या मुलांसाठीही शाळा काढल्या, तेव्हा या ठरावासच आव्हान मिळाले. त्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मांग समाजातील मुक्ता या मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्या वेळी तिचे वय चौदाच्या आसपास असल्याचे मानले जाते. आपल्या समाजाचे दुःख तिने त्यात मांडले आणि ते दुःख लादणाऱ्यांस जाब विचारला. शिक्षणाची उणीपुरी तीन वर्षे झालेल्या मुलीने लेखणी हाती घेऊन प्रौढांच्या पत्रात आपले म्हणणे मांडावे, आणि संपादकाने ते छापावे, हे त्या काळी अघटित होते. आत्मप्रत्यय म्हणजे काय, हे समजून घेण्यास मराठी भाषेत याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही. मुक्तास मिळालेली दाद केवळ पाठ थोपटण्याची नव्हती. तिचे लिखाण लोकांनी वाचावे इतके महत्त्वाचे मानले गेले, हीच खरी दाद होती.

पुढे सरकारी शिक्षणखात्याचा विस्तार झाला. खानदेशात तालुक्याच्या गावी व मोठ्या खेड्यांत मराठी शाळा निघाल्या. क्रमिक पुस्तके आली, यत्ता ठरल्या, नकाशे भिंतीवर लागले. शाळेचे दार निदान कायद्याने तरी सर्वांस खुले झाले, हा लाभ थोडा नव्हे. परंतु त्याबरोबर परीक्षेचे एक नवेच दडपण आले. इंग्लंडात १८६२ साली ‘निकालाप्रमाणे पैसे’ हे तत्त्व शाळांच्या अनुदानास लावण्यात आले. मुंबई इलाख्याच्या अनुदानपद्धतीतही ते शिरले. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यासमोर किती मुले उत्तीर्ण होतात, यावर शाळेची प्रतिष्ठा व प्राप्ती अवलंबून राहू लागली. डेप्युटीसाहेबांची स्वारी येणार म्हटले, की गावची शाळा शेणाने सारवली जाई, हुशार मुले पुढच्या ओळीत बसविली जात आणि मठ्ठ म्हणून गणलेल्या मुलांस मागे दडविले जाई किंवा घरी ठेवले जाई. त्या मागच्या ओळीतील मुलाने त्या दिवशी काय शिकावे? आपण लपवून ठेवण्याजोगे आहोत, हा धडा त्यास कोणत्याही क्रमिक पुस्तकापेक्षा पक्का पाठ होत असला पाहिजे.

या वेळी दूरदृष्टीने विचार करणारे जोतीराव फुलेच होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षण सर्वांस सक्तीचे करावे, असे मागितले. त्याबरोबरच खेड्यातील अभ्यासक्रम व्यवहारास धरून असावा, मोडी-बालबोध वाचन-लेखन व हिशेब यांच्या जोडीस शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे, शाळेस शेतीचा लहानसा तुकडा जोडलेला असावा, असे सांगितले. शिक्षकही शक्य तो शेतकरी वर्गातील, आणि वेळ पडल्यास नांगराचा रुमणा वा सुताराचा वाकस हाती धरण्यास न लाजणारा असावा, अशी त्यांची अपेक्षा होती. या मागणीत केवळ धंदेशिक्षणाचा हेतू नव्हता. मुलाच्या घरी जे काम चालते, ते शाळेत हलके ठरू नये; कारण ते हलके ठरले, की त्या कामात तरबेज असलेले मूलही स्वतःच्या नजरेत हलके ठरते, ही जाणीव तीमागे होती. सरकारने ही सूचना पुष्कळ काळ कागदावरच राहू दिली.

खानदेशाच्या शैक्षणिक इतिहासात यानंतरचे एक उजळ प्रकरण नरडाण्याहून थोड्याच अंतरावर, त्याच लोहमार्गावरील अमळनेर येथे घडले. १९२४ साली पांडुरंग सदाशिव साने हे चोवीस वर्षांचे तरुण तेथील हायस्कुलात शिक्षक झाले आणि पुढे छात्रालयाची व्यवस्था त्यांजकडे आली. खेड्यापाड्यांतून आलेली मुले घरापासून दूर राहत. अंथरुणे विसकटलेली, कंदिलांच्या काचा काळ्या, कपडे जागोजागी पडलेले. सानेगुरुजींनी त्यांवर रागे न भरता स्वतः हाती झाडू घेतला. मुले शाळेत गेली, की ते खोल्या आवरीत, कपडे धुऊन वाळत घालीत. मुलांस प्रथम संकोच वाटला, आणि मग ती हळूहळू आपापले काम आपण करू लागली. छात्रालयातील मुलांसाठी ते स्वहस्ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक लिहीत. पुढे ‘विद्यार्थी’ हे मासिक निघाले. १९३० साली सत्याग्रहासाठी त्यांनी शाळा सोडली. म्हणजे अवघी सहा वर्षे. परंतु शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या मुलासाठी रोज एक पत्र लिहिले जाते, ते वाचील म्हणून शिक्षक रात्री जागतो, हे पाहणाऱ्या मुलास स्वतःच्या वाचनाचे मोल वेगळे सांगावे लागले नसेल.

सानेगुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ या पुस्तकातही या विषयाशी निगडित असे एक प्रकरण आहे. पोहावयास घाबरणारा श्याम लपून बसतो, आई त्यास शिमटी मारून विहिरीवर पाठविते आणि पोहून आल्यावर प्रेमाने दही देते. मराठी घरांनी हे प्रकरण पिढ्यान्पिढ्या वाचले. पुष्कळांनी त्यातील मार तेवढा लक्षात ठेवला आणि माराने मूल धीट होते असा सोपा निष्कर्ष काढला. वस्तुतः मार ही त्यातील सर्वांत कमी फलदायी गोष्ट होय. पाण्यात उतरल्यावर ज्याने आधार दिला तो हात, पाण्याने आपणास उचलून धरल्याचा अंगाला आलेला अनुभव, आणि “माझा मुलगा भित्रा नाही” हा आईचा दृढ विश्वास यांनी श्याम पोहावयास शिकतो. गावोगावच्या विहिरींवर पाठीस भोपळे बांधून मुलांस पोहावयास शिकविणारे जुने लोक हे शास्त्र जाणत. भोपळा पहिल्या दिवशी बांधावयाचा आणि योग्य दिवशी सोडावयाचा. कधीच न बांधला तर मूल बुडते. कधीच न सोडला तर त्यास आपण पोहतो आहोत की भोपळा, हे समजत नाही. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस शाळेत मनाई करणारा शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. छडी तेथे कायद्याने संपली. भोपळा सोडण्याची वेळ ओळखण्याचे कौशल्य मात्र कायदा शिकवू शकत नाही.

काम आणि शिक्षण यांची सांगड घालण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न महाराष्ट्राच्याच भूमीत झाला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफलेले सर्व विषय, अशी ती योजना होती. झाकीर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा केला. सूतकताई हा तीतील एक प्रमुख उद्योग. कापूस जेथे दारात पिकतो, त्या खानदेशास ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नव्हते. हस्तोद्योगात एक मोठा गुण असा की, वस्तू स्वतःच निर्णय देते. सूत जाडेभरडे आले वा तुटले, तर ते डोळ्यांस दिसते. सारखे व पिळदार आले, तर बोटांस कळते. शिक्षकाची मर्जी, जात, घराणे, यांपैकी कशाचाही सुताच्या पिळावर परिणाम होत नाही.

अशा कामातून विचार कसा फुलतो, हे जॉन ड्यूई यांनी त्यापूर्वीच दाखविले होते. शिकागो विद्यापीठात त्यांनी १८९६ साली सुरू केलेल्या प्रयोगशाळेत मुलांच्या हाती कच्ची लोकर व कापसाची बोंडे दिली गेली. मुलांनी अर्धा तास खपून बोंडातून व सरकीपासून कापूस मोकळा केला, तेव्हा हाती एक औंसदेखील, म्हणजे सुमारे अडीच तोळेही, भरला नाही. पूर्वजांनी कापसाआधी लोकर का जवळ केली, याचे उत्तर त्यांस पुस्तकात शोधावे लागले नाही. नरडाण्याच्या मुलाची बोटे ही गोष्ट आधीपासून जाणतात. त्या बोटांस ‘का’ हा प्रश्न विचारावयाचा तेवढा बाकी असतो.

मग वर्ध्याची योजना फळास का आली नाही? झाकीर हुसेन समितीने धोका आधीच सांगून ठेवला होता. कामाची आर्थिक बाजू पुढे येऊन शैक्षणिक हेतू मागे पडू शकेल, असा इशारा तिने दिला होता. पुष्कळ ठिकाणी तसेच घडले. टकळी हा एक तास झाला. सूत किती निघाले याची नोंदवही झाली. सूत काढण्यातून गणित, भूगोल, इतिहास उमलावयाचा, तो उमलला नाही, आणि काढलेल्या सुताचे पुढे काय झाले हे मुलास कळले नाही. ज्या वस्तूची कोणास गरज नाही ती करून दाखविण्यात खरे काम कोठले? १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली, आणि महाराष्ट्रातील शाळांच्या वेळापत्रकात तो विषय दाखलही झाला. परंतु पुठ्ठ्याचे घर आणि कागदाची फुले पालकांनी रात्री बसून करावीत आणि मुलाने सकाळी वर्गात मांडावीत, असा प्रकार शहरातील घरांस अपरिचित नाही. त्या वस्तूस मिळालेले गुण मुलाच्या खात्यावर जमा होतात; आत्मप्रत्यय मात्र ज्याने कात्री चालविली त्याच्याच खात्यावर जमा होतो.

कामाइतकाच भाषेचा प्रश्न खोल आहे. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीत १९०७ साली निघालेल्या खंडात खानदेशी बोलीचे व्याकरण सविस्तर नोंदविले गेले. म्हणजे शास्त्रज्ञांच्या लेखी ती स्वतंत्र नियम असलेली भाषा होती. वर्गात मात्र ती पुष्कळदा ‘अशुद्ध’ ठरली. मुलाने “पाणी शे” म्हटले, की इतर मुले हसावयाची आणि त्याने तोंड मिटावयाचे. हसणाऱ्यांस वाटते, एक शब्द दुरुस्त झाला. वस्तुतः एका मुलाचे उत्तर देणेच बंद झालेले असते. ज्यास प्रश्नाचे उत्तर ठाऊक आहे परंतु ते कोणत्या भाषेत बोलावे याची भीती आहे, त्यास काही काळाने उत्तरही ठाऊक नाहीसे होते. जळगावजवळच्या असोद्यास जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. शेतातील व घरातील कामे करताना त्यांनी घरच्या बोलीत रचलेल्या कविता १९५२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या, तेव्हा सुशिक्षित महाराष्ट्र थक्क झाला. ज्या बोलीत एवढे सामर्थ्य आहे, ती बोली तोंडी घेऊन येणाऱ्या मुलास तिची लाज वाटावी, हे शाळेचे अपयश होय. अहिराणीतून उत्तर ऐकून घेऊन मग तेच प्रमाण मराठीत मांडावयास शिकविणारा शिक्षक मुलाच्या हाती दुसरी भाषा देतो, आणि पहिली काढून घेत नाही. २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य तेथे निदान पाचव्या इयत्तेपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे, अशी भूमिका घेतली आहे.

शाळेने मुलाच्या जगाकडे चालत जावे, याचा सर्वांत धीट प्रयोग ठाणे जिल्ह्याच्या त्या काळच्या हद्दीत झाला. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. आदिवासी मुले गुरे राखावयास जात म्हणून शाळेत येत नसत. तेव्हा शाळाच कुरणात गेली. या कुरणशाळेत गुरे चरत आणि मुले शिकत. दगड, पाने, बिया ही त्यांची साधने. गुराखी असणे हा शिक्षणातील अडथळा न मानता ती मुलाची एक जबाबदारी आहे असे मानून तीभोवती वेळापत्रक बेतले गेले. गुरे सांभाळता येणाऱ्या मुलास अक्षरेही सांभाळता येतील, हा विश्वास त्या कुरणात होता.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मुलांच्या कामाचा गौरव करताना त्यांच्या श्रमाची लूट विसरून चालणार नाही. कापूसवेचणीच्या दिवसांत ज्या मुलाची शाळा बुडते, त्यास ‘कामातून शिक्षण’ मिळते असे म्हणणे क्रूर थट्टा होय. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्यास मनाई केली, पण घरच्या व्यवसायात शाळेच्या वेळेबाहेर मदत करण्यास काही अटींवर मुभा ठेवली. आणि ही मुभा कोठवर ताणली जाईल याची चिंता पुष्कळांनी तेव्हाच व्यक्त केली. भेद ओळखण्याची खूण साधी आहे. जे काम उद्या मुलास आजच्याहून अधिक जाणते करील ते शिक्षण. जे काम त्यास आज होते तेथेच वर्षभर ठेवील ती मजुरी.

शहरातील सुशिक्षित घरांत धोका उलट बाजूने येतो. तेथे मुलास काम नाही. स्तुती मात्र उदंड आहे. क्लॉडिया म्युलर व कॅरोल ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्या वयाच्या मुलांस काही कोडी सोडवावयास दिली. नंतर काहींस ‘तू हुशार आहेस’ असे म्हटले, आणि काहींस ‘तू चांगली मेहनत केलीस’ असे. हुशारीची स्तुती झालेली मुले पुढे सोपी कोडी पसंत करू लागली आणि अवघड कोड्यात अपयश आल्यावर त्यांची कामगिरी खालावली. मेहनतीची दाद मिळालेली मुले अवघड कोड्यास चिकटून राहिली. ज्यास हुशार ठरविले, त्यास ते बिरुद जपावे लागते. जे घडले त्याचीच दाद ज्यास मिळाली, त्यास जपावयाचे काही नसते. पुढे करावयाचे असते. मराठी घरांतील जुनी मंडळी मुलाच्या तोंडावर फार वाखाणणी करीत नसत, त्यात कधी कोरडेपणा होता. पण “आजची भाकरी चांगली फुगली हो” एवढे एक खरे वाक्य मुलीस पुष्कळ दिवस पुरे.

धुळपाटीपासून कुरणशाळेपर्यंतचा हा इतिहास पाहता, मुलांचा आत्मप्रत्यय कोणत्याही एका पद्धतीच्या मालकीचा नाही, असे दिसते. पंतोजीच्या छडीखालीही तो कोठे कोठे उगवला, आणि उदात्त योजनेच्या टकळीवरही तो कोठे कोठे कोमेजला. ज्या ठिकाणी काम खरे होते, ते पुरे होईपर्यंत मोठ्यांनी धीर धरला, आणि झालेल्या कामाची खरी दाद दिली, तेथे तो वाढला. यास मोठा खर्च लागत नाही. वर्गातील मुलांनी गावच्या पावसाची रोजची नोंद ठेवावी आणि ती शेतकऱ्यांनी वाचावी. पाचवीच्या मुलीने पहिलीच्या मुलास वाचावयास शिकवावे. दुकानाचा, बचतगटाचा, बसभाड्याचा खराखुरा हिशेब मुलांनी करून द्यावा. आजीची अहिराणी म्हण मुलाने लिहून आणावी आणि तिचा अर्थ शिक्षकाने त्याच्याकडून समजून घ्यावा. शेवटच्या या कामात तर एक घटकाभर शिक्षक विद्यार्थी होतो, आणि ज्यास आपले काहीच शाळेच्या उपयोगाचे नाही असे वाटत होते, ते मूल फळ्याजवळ उभे राहून वर्गास काही सांगते.

नरडाण्याच्या शाळेत येणारे मूल “माले येस” म्हणत येते. त्यास “मला येते” हे शिकविणे हे शाळेचे काम खरेच; परंतु तसे शिकविताना त्या पहिल्या दोन शब्दांतील ठसका कमी होऊ न देणे, हे त्याहून मोठे काम आहे.